ॲटर्नी जनरलची ओळ रिकामी सोडणाऱ्या माझ्या मराठी मंडळींना

ॲरिझोनातल्या समस्त मराठी मतदारांनो, म्हणजे चँडलर, गिल्बर्ट, पिओरियापासून खाली ट्यूसॉनपर्यंतचे सगळे काका-काकू, दादा-वहिनी आणि नुकतीच सिटिझनशिपची शपथ घेऊन झेंड्यासोबत फोटो टाकलेली तरुण पोरं,

नमस्कार.

मागे मंडळाच्या ग्रुपवर मी एक मेसेज टाकला होता, की बघा आपल्याच राज्यात एक माणूस एकोणतीस वर्षं आत काढून डेथ रोवरून, म्हणजे फाशीच्या कैद्यांच्या कोठडीतून, घरी गेला आणि त्याची केस सगळ्यांनी वाचावी अशी आहे. त्यावर तीन अंगठे आले, एक "नंतर वाचते" आलं, आणि एका दादांनी लिहिलं की ताई आपल्याला काय करायचंय, आपण कायद्याने वागणारी माणसं. मग लगेच कोणाच्यातरी घरच्या अळूवड्यांचा फोटो आला आणि त्याला पटापटा बदाम पडले. अळूवड्या खरंच छान दिसत होत्या, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ते "आपल्याला काय करायचंय" माझ्या डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे पत्र. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझाच गुन्हा कबूल करते. २०१८ च्या निवडणुकीत बॅलट घरी आलं, ते फ्रिजवर मॅग्नेटखाली पंधरा दिवस लटकलं, शेवटी एका रविवारी पोहे खाता खाता मी आणि ह्यांनी ते भरलं. गव्हर्नर, सिनेट, काँग्रेस भरलं. खाली ॲटर्नी जनरल म्हणून ओळ होती, दोन नावं, दोन्ही मला माहीत नव्हती, मी ह्यांना विचारलं हे काय असतं, हे म्हणाले सरकारी वकील असेल, सोड. मी सोडली. त्या निवडणुकीत माझ्या एका मताने काही फरक पडला नसता हे मला माहितेय, मी उगाच नाटक करत नाहीये. पण ती ओळ म्हणजे कोर्टात राज्याच्या बाजूने लढणारा मुख्य वकील निवडायची, हे मला चार वर्षांनी कळलं, आणि कळलं तेव्हा जरा लाज वाटली.

तर ती केस. बॅरी जोन्स नावाचा माणूस, ट्यूसॉनमधल्या ट्रेलर पार्कमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, राहणारा. त्याच्या ट्रेलरमध्ये त्याची मैत्रीण आणि तिची मुलं राहत होती. मे १९९४ मध्ये त्या मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी गेली. पोटाला जोरात मार बसून आतडं फाटलं होतं आणि त्यातून पोटात इन्फेक्शन पसरलं. लहान लेकराचं असं वाचताना पोटात कालवतं, मी ते तपशील इथे लिहिणार नाही. सरकारी पक्षाचं म्हणणं सरळ होतं, की मुलगी जायच्या आदल्या दिवशी दुपारी काही तास जोन्सबरोबर त्याच्या व्हॅनमध्ये होती, तेव्हाच हा मार बसला, म्हणजे मारणारा तोच. १९९५ मध्ये ज्युरीने त्याला खून आणि अत्याचार दोन्हींसाठी दोषी धरलं आणि जजने फाशीची शिक्षा सुनावली.

आता बघा, सगळी केस उभी आहे एका गोष्टीवर, ती जखम कधीची. त्या दुपारची असेल तर संशय त्याच्यावर, त्याच्या आधीची असेल तर मग त्या दिवसांत त्या मुलीच्या आसपास असलेला कोणीही असू शकतो. मी मिरजेला डीएमएलटी केलं आणि नंतर इकडे चोवीस वर्षं लॅबमध्ये काढली. मी काही पॅथॉलॉजिस्ट नाही, पण स्लाइड बनवून बनवून एवढं कळतं की जखमेचं वय घड्याळ लावून सांगता येत नसलं तरी "आजची" आणि "त्याच्या आधीची" यात बऱ्याचदा फरक दिसतो, सूज किती, पेशी कुठल्या जमल्यात, भरायला सुरुवात झालीये का. कोणत्याही वकिलाने पहिल्या दिवशी हाच प्रश्न विचारायला हवा होता. जोन्सच्या सरकारी खर्चाने मिळालेल्या वकिलाने तो नीट तपासलाच नाही, वेळेबद्दल स्वतःचा मेडिकल एक्स्पर्ट उभा केला नाही.

बरं, वकील वाईट निघाला तर अपील करायचं ना? इथेच ॲरिझोनाची गंमत आहे. "माझा वकील नालायक होता" ही तक्रार इथे साध्या अपिलात करता येत नाही, त्यासाठी पोस्ट-कन्व्हिक्शनची, म्हणजे शिक्षा झाल्यानंतरची, वेगळी पायरी आहे आणि ती करायला परत एक वकील. जोन्सला तिथे जो वकील मिळाला त्याच्याकडे फाशीच्या केससाठी राज्याच्या स्वतःच्या नियमात असलेली किमान पात्रतासुद्धा नव्हती. त्यानेही तो वेळेचा मुद्दा उकरला नाही. म्हणजे पहिल्या वकिलाची चूक दाखवायला ज्याला नेमलं त्याने तीच चूक परत केली. दोन्ही वकील राज्यानेच दिलेले, आणि आत बसलेल्या माणसाच्या हातात काय तर प्रिझनच्या कँटीनमधून घेतलेलं पेन.

यानंतरचा रस्ता म्हणजे फेडरल कोर्ट. आपल्या लोकांना हे पटकन कळत नाही कारण आपल्याकडे जिना एकच असतो, तालुक्याचं कोर्ट, जिल्ह्याचं, मग हायकोर्ट, मग दिल्लीचं सुप्रीम कोर्ट, खालून वर चढत जायचं. इथे जिने दोन आहेत. राज्याची कोर्टं वेगळी, फेडरल वेगळी. चोरी, मारामारी, खून, जवळजवळ सगळे गुन्हे राज्याच्या जिन्यावर चालतात. पण तो जिना पूर्ण चढून झाला आणि तरी तुम्ही आतच असाल, आणि तुमचं म्हणणं असेल की माझे अमेरिकेच्या घटनेतले हक्क तुडवले गेले, तर तुम्ही शेजारच्या फेडरल जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन अर्ज करू शकता. त्याला म्हणतात हेबियस. बंदी प्रत्यक्षीकरण, शाळेत नागरिकशास्त्रात पाठ केलेलं. अर्जात प्रतिवादी म्हणून ज्याच्या ताब्यात तुम्ही आहात त्याचं नाव येतं, वॉर्डन नाहीतर जेल खात्याचा डायरेक्टर. फी पाच डॉलर. साधा सिव्हिल दावा टाकायला शेकड्यांनी डॉलर लागतात आणि हा पाच डॉलरमध्ये, एका बरिटोच्या किमतीत. फाशीची केस नसेल तर वकील मात्र मिळेलच असं नाही. बहुतेक लोक आत बसून छापील फॉर्म हाताने भरतात, शेजारच्या खोलीतला कायदा शिकलेला कैदी मदत करतो, आणि पाकीट जेलच्या टपालात दिलं की ते दाखल झालं असं धरतात, नाहीतर पाकीट जेलमध्येच पडून राहिल्यामुळे पण माणूस हरला असता.

हा दुसरा जिना कशाला ठेवलाय, राज्याच्या जजांवर विश्वास नाही का, असं विचाराल तर एक जुनी गोष्ट सांगते. १९१९ मध्ये अर्कान्सासमधल्या एलेन गावाजवळ काळ्या शेतमजुरांची मोठी कत्तल झाली आणि वर खटले कोणावर झाले तर त्या काळ्या लोकांवरच. कोर्टाबाहेर जमाव, पाऊण तासात खटला आटपला, पाच मिनिटांच्या आत ज्युरी दोषी म्हणून बाहेर आली. बारा जणांना फाशी सुनावली. राज्याच्या कोर्टांनी सगळं नियमात बसवलं होतं, कागद व्यवस्थित होते. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टात जस्टिस होम्सने लिहिलं की खटला जर नुसता मुखवटा असेल आणि सगळे जमावाच्या भीतीने ढकलले गेले असतील तर फेडरल कोर्टाला आत डोकावून बघावंच लागेल. तो दुसरा जिना खरा बांधला गेला तो असा.

आता तोच जिना कसा अरुंद होत गेला ते बघा. १९९१ ची व्हर्जिनियाची केस आहे, कोलमन. फाशीची शिक्षा झालेला माणूस, त्याच्या वकिलांनी राज्याच्या कोर्टात अपिलाची नोटीस तीन दिवस उशिरा दिली. तीन दिवस! मामला फेडरल कोर्टात गेल्यावर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्याच्या नियमात चुकलात, आता आमच्याकडे पण दार बंद. जस्टिस ओकॉनरच्या निकालाची पहिली ओळच "ही फेडरलिझमची केस आहे" अशी होती, म्हणजे माणसाच्या जिवाची नाही, राज्य आणि केंद्र यांच्यातल्या मानपानाची. लग्नात वरपक्षाचा मान राहिला की नाही यावर जेवणाची पंगत अडावी तसं. खोटं का बोला, त्या कोलमनला १९९२ मध्ये मृत्युदंड दिला आणि २००६ मध्ये डीएनए टेस्ट झाली तेव्हा गुन्हेगार तोच निघाला. हे मी मुद्दाम सांगतेय, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई सोयीचं तेवढंच सांगतात. पण नियम त्याच्यापुरता नव्हता ना झाला, सगळ्यांसाठी झाला.

मग १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत बॉम्बस्फोट झाला, १६८ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. देश रागात होता. एप्रिल १९९६ मध्ये बिल क्लिंटनने दहशतवादविरोधी कायद्यावर सही केली आणि त्या कायद्याच्या पोटात हेबियसचे नियम पण कडक करून घेतले गेले. दहशतवादाशी ट्यूसॉनच्या ट्रेलर पार्कचा काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. एक वर्षाची मुदत आली, राज्यातला निकाल अंतिम झाल्यापासून घड्याळ सुरू, राज्यात पोस्ट-कन्व्हिक्शनचा अर्ज चालू असेल तेवढा वेळ घड्याळ थांबतं आणि तो संपला की परत टिकटिक. दुसरं, राज्याच्या कोर्टाने चूक केली एवढं दाखवून भागत नाही, ती चूक कोणत्याही समंजस जजला न पटण्यासारखी होती हे दाखवावं लागतं. आणि तिसरं, ज्यात जोन्स अडकला, तुम्ही राज्याच्या कोर्टात पुरावा उभा केला नसेल तर फेडरल कोर्टात नवा पुरावा जवळजवळ आणताच येत नाही. २००७ मध्ये व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी मोजलं होतं, फाशी नसलेल्या साध्या केसेसमध्ये हेबियस जिंकणारे अर्धा टक्कासुद्धा नाहीत. म्हणजे खतरनाक गुंड पाच डॉलर भरून धडाधड सुटतायत असं जे आपल्या मनात चित्र असतं ते काढून टाका.

जोन्सची गोष्ट मात्र थोडी वेगळी चालली, कारण २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मार्टिनेझ नावाच्या केसमध्ये, ती पण ॲरिझोनाचीच, सात विरुद्ध दोन मतांनी एक फट ठेवली. (आपलं राज्य या विषयात भलतंच सुपीक आहे, ते पोलीस पकडताना "तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे" म्हणतात ना सिनेमात, तो मिरांडा पण फिनिक्सचाच.) कोर्टाने म्हटलं, अरे तुम्हीच म्हणता वकिलाची तक्रार फक्त दुसऱ्या वकिलामार्फत करा, आणि तो दुसराही कुचकामी निघाला तर कैद्याने जायचं कुठे, अशा वेळी फेडरल कोर्टाने ती तक्रार ऐकायला हरकत नाही. त्या फटीतून जोन्सचे फेडरल वकील आत शिरले. २०१७ मध्ये सात दिवस सुनावणी झाली, डॉक्टर आले, ती जखमेच्या वेळेची चर्चा जी १९९५ ला व्हायला हवी होती ती बावीस वर्षांनी झाली. जुलै २०१८ मध्ये जज टिमथी बर्जेसने निकाल दिला की वकिलाने काम नीट केलं असतं तर ज्युरीने एकमताने दोषी धरलं नसतं याची चांगलीच शक्यता आहे, याला सोडा नाहीतर परत खटला चालवा. २०१९ मध्ये वरच्या कोर्टाने ते कायम केलं.

आणि इथे आपली ती ओळ येते. आता राज्याच्या बाजूने पुढे काय करायचं हे कोण ठरवणार? ॲटर्नी जनरल. तोच, ज्याला ह्यांनी "सरकारी वकील असेल" म्हटलं होतं. ऑफिससमोर पर्याय होते. परत खटला चालवा, बसून तोडगा काढा, नाहीतर वर जा. तेव्हाचे ॲटर्नी जनरल मार्क ब्रनोविच यांच्या ऑफिसने वर जायचं ठरवलं. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली तेव्हा राज्याच्या वकिलाने उभं राहून जे सांगितलं त्याचा अर्थ असा, की इथे निर्दोष असणं पुरेसं नाही. मी ते ऐकून परत ऐकलं, मला वाटलं इंग्रजी कळण्यात माझीच काहीतरी गफलत होतेय. नव्हती होत. आपल्या, म्हणजे तुमच्या माझ्या नावाने, स्टेट ऑफ ॲरिझोनाच्या नावाने तो माणूस हे बोलत होता, आणि पगार आपण भरतो.

२३ मे २०२२ ला निकाल लागला, सहा विरुद्ध तीन, राज्य जिंकलं. केसचं नाव शिन विरुद्ध मार्टिनेझ रामिरेझ (२०१२ चा मार्टिनेझ वेगळा), शिन म्हणजे तेव्हाचे आपल्या जेल खात्याचे डायरेक्टर, आणि रामिरेझ हा दुसरा फाशीचा कैदी, त्याची केस वेगळी, तिच्यात मी शिरत नाही. जस्टिस थॉमस यांनी लिहिलं की तक्रार ऐका हवं तर, पण तिच्यासाठी लागणारा नवा पुरावा बघायचा नाही, कारण तो राज्याच्या कोर्टात आणला नव्हता, आणि आणला नाही ही चूक वकिलाची असली तरी ती कैद्याच्याच खात्यावर. म्हणजे दुकान उघडं पण विकायला काही नाही. पूर्ण सात दिवसांची ती सुनावणी, ते डॉक्टर, सगळं जणू झालंच नाही. जस्टिस सोटोमायोर यांनी विरोधी मतात या निकालाला विकृत आणि तर्कहीन म्हटलं, मी यापेक्षा सौम्य शब्द शोधून बघितले, सापडले नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते निकालातल्या एका तळटीपेत आहे, जी बातम्यांमध्ये फारशी आलीच नाही. जोन्सच्या वकिलांनी म्हटलं होतं की अहो राज्याने पुराव्यावरची ही हरकत खालच्या कोर्टात वेळेवर घेतलीच नव्हती, आता कशी घेता. कोर्टाने काय म्हणावं? की हो, राज्य चुकलं, पण चूक माफ करायचा अधिकार आम्हाला आहे आणि आम्ही ती माफ करतो. आता याच्या शेजारी ओहायोच्या बोल्सची केस ठेवा, २००७ ची. कायद्याने अपिलाला चौदा दिवस वाढवून देता येत होते, फेडरल जजने चुकून सतरा दिवसांची तारीख लिहून दिली, बोल्सच्या वकिलाने जजवर विश्वास ठेवून सोळाव्या दिवशी कागद दिला, आणि सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याला बाहेर काढलं, दोन दिवस उशीर झाला म्हणून. लिहिणारे जस्टिस तेच, थॉमस. वकील मंडळी मला सांगतील की वहिनी ते दोन वेगळ्या जातीचे नियम आहेत, एकात माफी देता येते आणि एकात येत नाही. असेल, त्यांचं पुस्तकी उत्तर बरोबरच असेल. पण आमच्या लॅबमध्ये सॅंपल उशिरा आणणाऱ्या वॉर्डबॉयला एक नियम आणि डॉक्टरला एक नियम असं केलं असतं तर लोकांनी आम्हाला फाडून खाल्लं असतं.

तर मे २०२२ मध्ये जोन्सला फेडरल कोर्टाकडे जायला रस्ता उरला नव्हता. जज म्हणतोय दोष सिद्ध होण्यात गडबड आहे, आणि तरी फाशी कायम. जोन्स डेथ रोवरच राहिला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती. ॲटर्नी जनरलच्या जागी क्रिस मेज उभ्या होत्या, समोर एब हमादेह. पंचवीस लाखांपेक्षा जास्त मतं पडली, फरक इतका कमी निघाला की राज्यभर परत मोजणी झाली, आणि डिसेंबरच्या शेवटी आकडा आला, मेज जिंकल्या, २८० मतांनी. दोनशे ऐंशी. मंडळी, आपल्या गणपतीला महाप्रसादाच्या लाइनीत याहून जास्त लोक असतात, मसालेभात संपत आला की मी स्वतः मोजलेत.

जून २०२३ मध्ये मेज यांच्या ऑफिसने जोन्सच्या वकिलांबरोबर तडजोड केली. जुनी शिक्षा रद्द झाली, त्याने एवढंच कबूल केलं की मुलगी आजारी दिसत असताना तिला दवाखान्यात नेलं नाही, त्यासाठी सेकंड डिग्री मर्डर, पंचवीस वर्षं शिक्षा, आणि ती त्याने कधीच भोगून झाली होती. १५ जूनला तो बाहेर आला. त्याला कोर्टाने निर्दोष जाहीर केलेलं नाही हे नीट लक्षात घ्या, मी तसं म्हणतही नाहीये, आणि लेकराला दवाखान्यात न नेणं काही लहान गोष्ट नाही. पण हाच माणूस, हीच फाइल, सुप्रीम कोर्टाचा निकाल पण तोच. मधल्या एका वर्षात काय बदललं? त्या खुर्चीवरचा माणूस. हमादेह जिंकले असते तर त्यांनी काय केलं असतं हे मला माहीत असण्याचं कारण नाही, कदाचित त्यांनीही हेच केलं असतं. माझा मुद्दा पार्टीचा नाहीच. ॲटर्नी जनरल ठरवू शकतो की मुदतीची, पद्धतीची हरकत घ्यायची की नाही. घेतली नाही, जाणूनबुजून सोडून दिली, तर कोर्टाला मूळ प्रश्नाकडे बघता येतं. कोर्टाच्या दाराची किल्ली आता बऱ्यापैकी त्या खुर्चीकडे आहे आणि त्या खुर्चीच्या ओळीवर आपण पोह्याचा हात पुसतो.

आता ते "आपण कायद्याने वागणारी माणसं". दादा, रागावू नका, पण ७५-७७ मध्ये तुमचे वडील कुठे होते? माझे मामा एकोणीस महिने येरवड्यात होते, सत्याग्रह केला म्हणून, तेही कायद्याने वागणारेच होते, शाळामास्तर. त्या काळात देशभरातल्या नऊ हायकोर्टांनी म्हटलं की आणीबाणी असली तरी बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज आम्ही ऐकू. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं, नाही ऐकायचा. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात. त्या चारांमध्ये आपले यशवंतराव चंद्रचूड होते, आणि २०१७ मध्ये त्यांच्याच मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी, वडिलांचा तो निकाल गंभीर चुकीचा होता असं लिहून तो पुसला. एक्केचाळीस वर्षं लागली. आई सांगायची, मामी दर आठवड्याला डबा घेऊन जायची आणि विचारायची, कधी सोडणार, आणि समोरचा म्हणायचा बाई मला विचारू नका, वर विचारा. वर म्हणजे कुठे हे तिला कधीच कळलं नाही. मला जोन्सची केस वाचताना मामीचा तो डबा आठवत होता, आता दोन गोष्टी सारख्या नाहीत मला कळतं, मामावर खटलाच नव्हता आणि याच्यावर रीतसर ज्युरीचा खटला झाला होता. तरी पण "वर विचारा" सारखंच आहे.

आणि जिचं लेकरू गेलं तिची बाजू? हा प्रश्न मला आमच्या सुनेने विचारला आणि बरोबर विचारला. खून झालेल्या घरातल्या लोकांना पंचवीस-तीस वर्षं परत परत कोर्टाची नोटीस येणं हे भयंकर आहे, हे सगळं कधीतरी संपायला हवं हे म्हणणं मला पटतं, मुदती असायला पाहिजेत हे पण पटतं. मी लॅबवाली आहे, मला रिपोर्टवर सही झाली की फाइल बंद झालेली आवडते. पण रिपोर्ट चुकीचा निघाला तर आपण तारीख बघत नाही, परत टेस्ट करतो. आणि जोन्सच्या केसमध्ये जो उशीर झाला तो कोणी केला ते वर लिहिलंच आहे, राज्याने दिलेल्या दोन वकिलांनी वेळेत काम केलं असतं तर सगळ्यांचीच वीस वर्षं वाचली असती, त्या घरच्यांची पण.

काहीजण म्हणतील काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, लिहा, १९९६ चा कायदाच बदलायला सांगा. लिहा ना, मीही लिहिलंय, दोन्ही सिनेटरांना. छापील उत्तर आलं की आपल्या मताबद्दल आभारी आहोत. त्यातून काही होईल तेव्हा होईल. आपल्या हातात लगेच काय आहे तर ती ओळ. आणि फक्त तीच नाही, कौंटी ॲटर्नीची, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी वकिलाची, पण ओळ असते, खटला भरायचा की नाही हे तिथे ठरतं. मॅरिकोपा, पिमा या मोठ्या कौंट्यांमध्ये राज्याच्या जजांना ठेवायचं का काढायचं यावर हो-नाही असतं, ती लांबलचक यादी बघून आपण बॅलट उलटं करून ठेवतो, मीही ठेवायचे. (ग्रीनकार्डवाल्यांनो, तुम्ही हे वाचून उत्साहात चुकूनही रजिस्टर करू नका, मत फक्त सिटिझनला, नाहीतर भलतंच लफडं होईल.)

आता मंडळाच्या कमिटीला विनंती, ही वेगळी. २०२६ च्या नोव्हेंबरमध्ये ॲटर्नी जनरलची ओळ परत येणार आहे. मंडळ ना-नफा संस्था आहे, आपल्याला कोणाचा प्रचार करता येत नाही, स्टेजवरून याला द्या त्याला द्या म्हणता येत नाही, हे मला माहितेय, उगाच मला नियम पाठवू नका. पण सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्न लेखी पाठवून आलेली उत्तरं जशीच्या तशी सगळ्यांसमोर ठेवायला कुठे मनाई आहे? प्रश्न मी लिहून ठेवलाय. कैद्याकडे खरा आणि मोठा पुरावा आहे, पण तो त्याच्या वकिलाच्या चुकीने वेळेत आला नाही, अशा वेळी तुमचं ऑफिस मुदतीची हरकत घेईल की पुरावा आधी बघेल, आणि हे कोण आणि कसं ठरवेल? एवढंच. मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही तयार आहे, भाच्याने तपासून दिलंय.

गणपतीच्या कार्यक्रमात आरती आणि महाप्रसाद यांच्यामध्ये लोक अर्धा तास नुसते मोबाइल बघत बसलेले असतात. त्यातली पंधरा मिनिटं मला द्या, मी बॅलटचा नमुना मोठा छापून आणते आणि कुठली ओळ कशाची ते दाखवते. माइक नाही मिळाला तरी चालेल, माझा आवाज मोठा आहे. आणि त्या अळूवड्या कोणी केल्या होत्या त्यांनी त्या दिवशी पण आणा, म्हणजे लोक थांबतील.

तुमचीच,
चँडलरची लॅबवाली वहिनी